कोरी कड

सातारा जिल्ह्यातील एका गावी, परिचितांच्या वाड्यात काही जुने कागद पाहण्याच्या निमित्ताने गेलो असता, देवघराखालच्या खणातून सारापावत्या, कसरीने अर्धी खाल्लेली वतनाची नक्कल आणि लाल खारव्याच्या रुमालात बांधलेला पत्रव्यवहार यांच्याबरोबर कागदाच्या पुडीत गुंडाळून ठेवलेले चांदीचे एक पदक माझ्या हाती आले. रुपयाहून मोठे, दीड इंच व्यासाचे आणि दीर्घकाळ हात न लागल्यामुळे काळवंडलेले ते पदक खिडकीपाशी नेऊन मऊ फडक्याने हलके पुसताच दर्शनी बाजूस गुलाबाच्या फुलांच्या वेष्टनात दोन मुकुटधारी मस्तके एकामागे एक उमटलेली दिसली : पुढे पाचवा जॉर्ज बादशहा, त्याच्या आड राणी मेरी. मागील बाजूस मध्यभागी वळणदार फारसी अक्षरे होती आणि त्यांच्या भोवती नक्षीची पट्टी. वरच्या कडीत अडकलेला रेशमी फितीचा तुकडा इतका जीर्ण झाला होता की त्याचा गडद निळा रंग आणि मधून गेलेल्या दोन बारीक तांबड्या रेघा ओळखण्यासाठी तो उजेडासमोर धरावा लागला.

दिल्ली येथे 12 डिसेंबर 1911 रोजी भरलेल्या राज्यारोहण-दरबाराचे ते पदक आहे, हे ओळखण्यास वेळ लागला नाही. परंतु ते कोणाचे, हे कळावे म्हणून मी त्याची कड फिरवून फिरवून पाहिली, तेव्हा ती साफ कोरी निघाली. घरातील वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "हा मामंजींच्या वडिलांचा बिल्ला. दिल्लीचा." क्षणभर थांबून त्यांनीच पुढे पुस्ती जोडली, "का त्यांच्या धाकट्या भावाचा, कोणास ठाऊक. एक पलटणीत होते, एक मामलेदार कचेरीत. दोघांचं सामान याच खणात आलं." पदकाकडून या शंकेचे निरसन होणे शक्य नव्हते. त्या दरबारासाठी सोन्याची 200 आणि चांदीची 30,000 पदके पाडण्यात आली, त्यांतील चांदीची 26,800 वाटली गेली, आणि त्यांपैकी दहा हजार गोऱ्या व देशी फौजेतील लोकांना मिळून उरलेली मुलकी अंमलदार, संस्थानांतील मानकरी आणि इतर प्रतिष्ठित मंडळी यांच्याकडे गेली. तेव्हा पलटणीतला भाऊ आणि कचेरीतला भाऊ हे दोघेही त्या पदकाचे सारख्याच हक्काने धनी असू शकत होते. लढाईत उतरलेल्या शिपायाला मिळणाऱ्या पदकाच्या कडेवर त्याचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरण्याचा सरकारी शिरस्ता होता. दरबाराच्या या पदकाला तो लागू नव्हता. बादशहाचा चेहरा, त्याचा किताब आणि प्रसंग यांना त्यावर स्थान मिळाले. ज्याच्या छातीवर ते झळकले, तो मात्र अनामिक राहिला.

त्या कोऱ्या कडेने माझ्या मनात जे घर केले, ते आजतागायत सोडलेले नाही. इंग्रजी राजघराण्यातील पुरुष वसाहतींत स्वाऱ्या करीत आणि प्रत्येक स्वारीबरोबर धातूचे असे तुकडे वाटले जात, या प्रथेचा इतिहास ग्रंथांतून मिळतो तो बहुधा वाटणाऱ्याच्या बाजूचा. घेणाऱ्याच्या बाजूने तो पाहू गेल्यास आपल्याकडील दरबारी रीतीपासूनच आरंभ करावा लागतो; कारण मान देण्याची आणि घेण्याची एक पुरातन, सूक्ष्म आणि अर्थपूर्ण भाषा या देशात इंग्रजांच्या आगमनापूर्वी शेकडो वर्षे प्रचलित होती, आणि पदक हे त्या भाषेतील एका शब्दाच्या जागी येऊन बसले.

तो शब्द म्हणजे खिलत. मराठी दफ्तरांतून आढळणारा मानाचा पोशाख. धनी आपल्या सेवकाला वस्त्रे देई, शिरपेच देई, तलवार, ढाल, घोडा, हत्ती देई. सेवक त्यापूर्वी नजर गुजरीत असे. पोशाखाचे मूळ तत्त्व असे की, धन्याच्या अंगाला लागलेले किंवा निदान त्याच्या हाताचा स्पर्श झालेले वस्त्र सेवकाच्या अंगावर चढले म्हणजे सेवक धन्याच्या देहाशी, म्हणजेच राज्याशी, जोडला जातो. पोशाख किती वस्त्रांचा, शिरपेच जडावाचा की साधा, हत्ती हौद्यासह की त्यावाचून, यांवरून घेणाऱ्याचा मरातब तंतोतंत ठरत असे आणि तो पाहणाऱ्या प्रत्येकाला वाचता येत असे. जून 1792 मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलक पदाची फर्माने आणि वस्त्रे पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांना अर्पण केली, तो फर्मानबाडीचा सोहळा या भाषेचे एक भव्य उदाहरण होय. शाह आलम बादशहाचे डोळे गुलाम कादराने चार वर्षांपूर्वी काढले होते आणि तो शिंद्यांच्याच फौजेच्या आश्रयाने तख्तावर टिकून होता. तरीसुद्धा त्या हतबल बादशहाकडून आलेली वस्त्रे स्वीकारताना पुण्याच्या दरबाराने सर्व अदब सांभाळली, कारण मान त्या वस्त्रांत साठलेला आहे, यावर दोन्ही पक्षांचा विश्वास होता.

कंपनी सरकारने आरंभी ही भाषा आपलीशी केली खरी, पण तिचा आत्मा तिला पचला नाही. तिच्या नोकरांना नजराणे घेण्याची कायद्याने बंदी झाल्यावर दरबारात आलेली भेट तोशाखान्यात जमा होऊ लागली, आणि तीच वस्तू पुढे दुसऱ्या कोणाला उलटभेट म्हणून देण्यात येऊ लागली. देणाऱ्याने भक्तिभावाने दिलेली तलवार हिशेबाच्या वहीत किंमत मांडून ठेवली जाई. अशा रीतीने मानाचे रूपांतर जमाखर्चात झाल्यावर, ज्याची किंमत कमी, प्रती पाहिजे तितक्या आणि प्रत्येक प्रत हुबेहूब सारखी, अशी एखादी वस्तू इंग्रजांना हवी होती. ती त्यांना पदकाच्या रूपाने सापडली. 1857 च्या उठावानंतर राज्य राणी व्हिक्टोरियाच्या नावाने चालू लागले आणि 1861 साली 'स्टार ऑफ इंडिया' हा संस्थानिकांसाठीचा मानवर्ग स्थापन झाला. पण खुद्द राजघराण्यातील माणसाने येऊन स्वहस्ते पदके देण्याचा योग त्यानंतरच्या काळातला आहे.

राणीचा दुसरा पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो हा या देशात आलेला पहिला राजपुत्र. 1870 साली मुंबईत त्याने खलाशांच्या विश्रामगृहाची कोनशिला बसवली. त्या इमारतीत पुढे अनेक वर्षे विधिमंडळ भरत असे आणि आता तेथे राज्याच्या पोलीसप्रमुखांची कचेरी आहे. ती स्वारी लहान होती. खरी स्वारी झाली ती युवराजाची, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सची. 'सेरापिस' नावाच्या जहाजातून 8 नोव्हेंबर 1875 रोजी तो मुंबईस उतरला, आणि हिंदुस्थान व सिलोन हिंडून 13 मार्च 1876 रोजी मुंबईहूनच परत निघाला. त्याच्या स्वागतासाठी पश्चिम हिंदुस्थानातील संस्थानिकांना मुंबईस पाचारण झाले होते. त्यांच्यांत बारा वर्षांचा एक मुलगा होता. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातून जेमतेम साडेपाच महिन्यांपूर्वी उचलून बडोद्याच्या गादीवर बसवलेले, मल्हारराव पदच्युत झाल्यानंतर दत्तक घेतलेले, ते सयाजीराव गायकवाड. दागिन्यांनी मढवलेल्या या बालराजाचे वर्णन स्वारीबरोबर आलेल्या विल्यम हॉवर्ड रसेल या वृत्तलेखकाने करून ठेवले आहे. सयाजीरावांचा हा पहिला प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. छत्तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या प्रसंगाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

या स्वारीत युवराजाने दिलेले पदक लंबवर्तुळाकार असून त्याच्या माथ्यावर मुकुट आहे, आणि ते फितीने गळ्यात घालावयाचे आहे. पुढच्या बाजूस लॉरेलच्या पानांच्या वेष्टनात युवराजाचे मस्तक व 1875 हे वर्ष, मागे तीन पिसांचे त्याचे राजचिन्ह आणि त्याभोवती 'स्टार ऑफ इंडिया'च्या गळसाखळीची नक्षी. श्रेष्ठींना सोन्याचे, कनिष्ठांना चांदीचे, असा सरळ भेद होता. पोशाखाच्या काळी एका संस्थानिकाच्या आणि दुसऱ्याच्या मानात जी वीस-पंचवीस सूक्ष्म अंतरे राखली जात, ती येथे दोन धातूंत आटोपली.

परंतु याच स्वारीची दुसरी बाजू पदकापेक्षा कितीतरी बोलकी आहे. चार महिन्यांत युवराजाला या देशातून दोन हजारांहून अधिक भेटवस्तू मिळाल्या : रत्नजडित तलवारी आणि कट्यारी, मीनाकारीची तबके, अत्तरदाण्या, पानदाने, शाली, कित्येक वर्षे खपून एकेका कारागिराने घडवलेल्या आणि जगात ज्यांना जोड नाही अशा एकेक वस्तू. हा संग्रह विलायतेस गेल्यावर लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे मांडला गेला आणि 1878 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात नेण्यात आला. तेथे त्याची माहिती लिहिणारे जॉर्ज बर्डवुड हे आपल्या बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकाचे अध्यापन करून येथील वस्तुसंग्रहालयाचे काम पाहिलेले गृहस्थ होते. हिंदी कारागिरीविषयी त्यांना अंतःकरणापासून आदर होता. तो संग्रह इंग्लंडच्या राजघराण्याकडे अद्यापि शाबूत आहे. वस्तूंच्या याद्या झाल्या, पुष्कळांपुढे ती कोणत्या संस्थानाकडून, कोणाच्या हातून आली त्याची नोंद झाली. इकडून गेलेल्या तलवारीला नाव राहिले आणि तिकडून आलेल्या पदकाची कड कोरी राहिली, हा भेद मला त्या देवाणघेवाणीचा खरा ताळेबंद वाटतो.

युवराजाच्या मुंबईतील मुक्कामाच्या इतर खुणांचा येथे उल्लेख करून पुढे जातो. 11 नोव्हेंबरला त्याने ज्या गोदीची पायाभरणी केली, ती प्रिन्सेस डॉक म्हणून ओळखली गेली. अल्बर्ट ससून यांनी दिलेल्या देणगीतून जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराने घडवलेला त्याचा अश्वारूढ पुतळा 1879 मध्ये उभा राहिला, त्याला मुंबईकरांनी काळा घोडा म्हटले, आणि 1965 साली पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेल्यावरही त्या चौकाचे नाव काळा घोडाच राहिले. स्वार कोण होता, हे त्या चौकातून रोज जाणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नाही.

पुढील प्रसंग 1 जानेवारी 1877 चा. राणीने 'कैसर-इ-हिंद' हा किताब धारण केल्याची द्वाही दिल्लीच्या दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी फिरवली. राणी स्वतः या देशात कधीच आली नाही. तिच्या वतीने आले ते पदक. सव्वादोन इंचांहून मोठे, तांबड्या व सोनेरी काठांच्या फितीने गळ्यात घालण्याचे हे पदक या मालिकेतील सर्वांत भारदस्त होय. एका बाजूस मुकुट आणि पडदा घेतलेली राणी, दुसरीकडे तिचा नवा किताब इंग्रजी, फारसी आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत. ज्या दिवशी ही पदके संस्थानिकांच्या गळ्यात पडली, त्या दिवशी सोलापूर, विजापूर, अहमदनगर या आपल्या जिल्ह्यांत आणि दक्षिणेत मद्रास व म्हैसूरकडे शतकातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक सुरू झालेला होता, हे विसरता येत नाही. त्याच दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे लोकांचे सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या खादीचा पोशाख करून गेले. जरीच्या आणि सोन्याच्या त्या गर्दीत प्रजेच्या हक्कांची मागणी घेऊन उभा राहिलेला हा वकील दरबाराची सनातन भाषा अचूक जाणत होता. तेथे माणूस बोलण्यापूर्वी त्याचे वस्त्र बोलते, आणि काकांनी ते आपल्या बाजूने बोलावयास लावले.

अकरा वर्षांनी पुण्यातच त्याहून धारदार प्रसंग घडला. राणीचा तिसरा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट हा त्या वेळी मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती म्हणून येथे राहत होता. 2 मार्च 1888 रोजी हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक व डचेस यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीस जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेषात. निमंत्रितांच्या अंगावर हिरेमाणके होती, बिल्ले होते, भरजरी शेले होते. जोतीरावांनी उभे राहून राजपुत्राला स्पष्ट सांगितले की, या अलंकृत मंडळींवरून हिंदुस्थानच्या प्रजेची कल्पना करू नये, खरी प्रजा खेड्यापाड्यांत आहे, ती दरिद्री आणि अशिक्षित आहे, आणि आईसाहेबांस, म्हणजे राणीस, तिच्या शिक्षणाची निकड कळवावी. राजघराण्याच्या हिंदुस्थानातील सर्व स्वाऱ्यांच्या वृत्तान्तांत प्रजेच्या वतीने इतके सरळ शब्द राजपुत्राच्या समोर उच्चारल्याचा दुसरा प्रसंग मला आढळलेला नाही. त्या संध्याकाळचे पदक कोणी पाडले नाही. पाडले असते तर त्यावर मुकुटाच्या जागी पागोटे असणे उचित झाले असते.

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त 1903 मध्ये दिल्लीत भरलेल्या दरबारात बादशहाच्या वतीने हाच ड्यूक आला. त्या वेळी सोन्याची 140 आणि चांदीची 2,567 पदके दिली गेली. आठ वर्षांत चांदीच्या पदकांची संख्या दसपटीने वाढली, हे वर आलेच आहे. या वाढीचे कारण राजकारणात होते. वंगभंगाच्या चळवळीने हादरलेल्या सरकारला संस्थानिकांच्या पलीकडे जाऊन सुभेदार, मामलेदार, पोलीस अंमलदार अशा मधल्या फळीला राजनिष्ठेत बांधून घ्यावयाचे होते. आणि त्या कामाला लागणारी यंत्रविद्या टांकसाळीने तोपर्यंत हस्तगत केली होती. कलावंत प्रथम पदकाच्या कितीतरी पट मोठा नमुना मातीत व मग प्लॅस्टरमध्ये करतो. त्याचा धातूचा उठाव घेऊन तो यंत्रावर चढवतात. यंत्राची एक बोथट सुई त्या मोठ्या नमुन्यावरून संथपणे फिरते आणि दुसऱ्या टोकाचे धारदार पाते तीच वळणे लहान प्रमाणात पोलादावर कोरीत जाते. त्या पोलादापासून तयार झालेला ठसा तापवून, विझवून टणक केला म्हणजे चांदीच्या चकत्या त्याखाली दाबल्या जातात. नाण्याला एक दाब पुरतो. पदकाचा उठाव खोल असल्याने दाबून कठीण झालेली चकती पुन्हा भट्टीत मऊ करून पुन्हा दाबावी लागते. नाकाचा शेंडा आणि गालाची गोलाई त्याशिवाय उतरत नाही. काकूंकडच्या पदकावर राजाच्या दाढीतील केसांच्या बटा शंभर वर्षांनंतरही बोटाला जाणवतात, ते या दुहेरी-तिहेरी दाबाचे फळ.

ते पदक घडवणारा बर्ट्रम मॅकेनाल हा जन्माने ऑस्ट्रेलियन, म्हणजे दुसऱ्या एका वसाहतीचा सुपुत्र. नाण्यांवरील पाचव्या जॉर्जची मुद्राही त्याचीच. 1911 च्या रुपयावर बादशहाच्या वस्त्रावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, मुसलमान समाजात क्षोभ झाला, आणि सरकारला ते रुपये थांबवून पुढच्या वर्षी सोंड स्पष्ट करून नवा ठसा काढावा लागला. तसूभर सोंडेने एवढे रामायण घडावे, याचे ज्यांना नवल वाटेल त्यांनी एवढेच पाहावे की, या देशातील माणसे नाणे आणि पदक डोळे उघडे ठेवून वाचीत होती.

मात्र त्याच पदकाच्या मागील फारसी लेख त्यांतील किती जणांना वाचता आला असेल? सरकारी कामकाजातून फारसीची उचलबांगडी 1837 साली इंग्रजांनीच केली होती. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, मराठी, पंजाबी, तमिळ बोलणाऱ्या शिपायांच्या आणि कारकुनांच्या छातीवर त्यांनी फारसीतून लिहिले की, हा हिंदुस्थानचा बादशहा आणि इंग्रजी मुलखांचा धनी जो पाचवा जॉर्ज, त्याचा दरबार. मोगल तख्ताचा वारसा सांगण्यासाठी मोगलांची भाषा हवी होती, ती समजणारे वाचक नकोत, असा त्याचा सरळ अर्थ मी लावतो. निदान 1877 मध्ये शेजारी देवनागरी होती.

बादशहा व राणी 2 डिसेंबर 1911 रोजी मुंबईच्या पालवा बंदरावर उतरले. त्या दिवशी तेथे केवळ तात्पुरता मंडप होता. आज आपण पाहतो ते गेटवे ऑफ इंडिया जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार 1924 मध्ये पुरे झाले, आणि पदकावर मावणार नाही इतके मोठे स्मारक म्हणून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. दहा दिवसांनी दिल्लीत संस्थानिक एकामागून एक बादशहापुढे मुजऱ्यास गेले. त्यांत तो बारा वर्षांचा मुलगा आता अठ्ठेचाळीस वर्षांचा, देशातील अग्रगण्य प्रजाहितदक्ष राजा म्हणून उभा होता. सयाजीराव साध्या शुभ्र वेषात पुढे गेले, एकवार लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. विलायतेच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. महाराजांना खुलाशाचे पत्र द्यावे लागले. मनात नेमके काय होते, ते तेच जाणोत. परंतु 1875 मध्ये ज्याच्या अंगावर दागिने चढवून त्याला उभे करण्यात आले होते, त्याने 1911 मध्ये स्वतःच्या निवडीने ते उतरवून ठेवले, एवढे पुरेसे आहे.

इतर वसाहतींतही ही प्रथा चालू होती आणि तेथे तिने निराळे वळण घेतले. कॅनडात 1860 मध्ये याच एडवर्ड युवराजाने माँट्रिअल येथील व्हिक्टोरिया पुलाचे उद्घाटन केले, तेव्हाही पदके निघाली. पुढे कॅनडात 1939 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत 1947 मध्ये आणि ऑस्ट्रेलियात 1954 मध्ये राजस्वारीची पदके मोठ्या संख्येने शाळकरी मुलांच्या हाती गेली. आपल्याकडे मान पिकलेल्या मिशांना दिला जाई. तिकडे आठवण कोवळ्या मनांत पेरली जाई.

हिंदुस्थानात मात्र त्याआधीच वारे फिरले होते. 1 ऑगस्ट 1920 रोजी, मुंबईत लोकमान्यांची प्राणज्योत मालवली त्याच दिवशी, महात्मा गांधींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कैसर-इ-हिंद सुवर्णपदक आणि बोअर व झुलू युद्धांतील शुश्रूषेबद्दल मिळालेली दोन पदके परत केली. मानाची वस्तू परत करणे ही पोशाखाच्या काळातली सुद्धा सर्वांत कठोर उक्ती होती. नोकरी सोडल्याची, धनीपण नाकारल्याची ती खूण. गांधींनी ती जुनी खूण नव्या धातूवर वापरली आणि ती साऱ्या देशाला समजली. म्हणून 17 नोव्हेंबर 1921 रोजी पुढचा प्रिन्स ऑफ वेल्स, पुढे आठवा एडवर्ड झालेला, त्याच पालवा बंदरावर उतरला तेव्हा शहरात बहिष्कार होता आणि परदेशी कापडाची होळी पेटली होती. दुर्दैवाने स्वागतास गेलेल्या लोकांवर हल्ले झाले, दंगल चार दिवस चालली, पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली, आणि गांधींनी प्रायश्चित्त म्हणून उपवास केला. त्या दंगलीच्या तिसऱ्या दिवशी, 19 नोव्हेंबरला, तोच राजपुत्र पुण्यास येऊन छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने योजलेल्या शिवस्मारकाची कोनशिला बसवून गेला. 1928 मध्ये तेथे नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि तो आजही पुणेकरांचा अभिमान आहे. कोनशिला कोणी बसवली हे लोक विसरले. घोड्यावर कोण आहे ते प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

त्यानंतर पदकांचे जे झाले ते ज्याच्या त्याच्या घरात झाले. संस्थानिकांची सोन्याची पदके तिजोऱ्यांतून लिलावांत आणि परदेशांतील संग्राहकांकडे गेली. चांदीची बहुसंख्य पदके मुलीच्या लग्नात, दुष्काळी वर्षात किंवा कर्जाच्या हप्त्यासाठी सराफाच्या मुशीत वितळली आणि त्यांची जोडवी, पैंजण झाली. त्याबद्दल कोणालाही दोष देण्याचा मला अधिकार नाही. काहींनी स्वातंत्र्याच्या उत्साहात ती लाजेने फेकून दिली. उरलेली जुन्या बाजारात पत्र्याच्या डब्यांत, मोडक्या घड्याळांच्या आणि परदेशी नाण्यांच्या संगतीत पडलेली मी पाहिली आहेत, आणि विकणाऱ्याला विचारावे तर तो वजन सांगतो, गाव सांगू शकत नाही.

ही पदके गुलामीची चिन्हे आहेत, म्हणून ती नष्ट व्हावीत, असे म्हणणारे सज्जन मला भेटतात. त्यांच्या भावनेचा मान राखूनही मला ते पटत नाही. ते पदक ज्याने छातीवर लावले, त्याने ते कोणत्या भावनेने लावले हे आपल्याला ठाऊक नाही. एखाद्याने अभिमानाने, एखाद्याने नोकरी टिकावी म्हणून, एखाद्याने वरिष्ठाच्या हुकमावरून. तो माणूस आपल्याच घरातला होता, आणि दिल्लीच्या थंडीत तासन्‌तास उभा राहून त्याने काय पाहिले, घरी येऊन काय सांगितले, याची एक ओळही सरकारी वृत्तान्तांत नाही. त्याची उणीव भरून काढणे आपल्याच हाती आहे.

म्हणून ज्यांच्या घरी असे पदक, बिल्ला किंवा चांद असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ते विकण्यापूर्वी, निदान राख-चिंच लावून घासण्यापूर्वी, घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. ते कोणाचे, तो कोणत्या पलटणीत वा कचेरीत होता, कोणत्या गावचा, कोणत्या साली वारला, एवढे विचारून कागदावर शाईने लिहावे आणि तो कागद पदकाबरोबर त्याच पुडीत ठेवावा. पुढच्या खेपेस मी साताऱ्याकडे गेलो तेव्हा काकूंनी आपल्या नव्वदीच्या नणंदेला पत्र घालून विचारले होते. बिल्ला मामलेदार कचेरीतल्या भावाचा निघाला. त्यांचे नाव आता पुडीतल्या चिठ्ठीवर आहे.